सायनाइड सोडून प्रकाशावर जायचं का? आधी पाण्याचा हिशोब मांडा

अंबरनाथ एमआयडीसीत छोटं युनिट चालवणाऱ्या एका उद्योजकांचा प्रश्न आहे: "आम्ही बेन्झाल्डिहाइड, सोडियम सायनाइड आणि अमोनियम बायकार्बोनेटपासून डीएल-फेनिलग्लायसिन बनवतो. मुलगी माटुंग्याला केमिकल इंजिनिअरिंग करते. ती म्हणते, आता लॅक्टिक ॲसिड आणि अमोनियापासून नुसत्या प्रकाशात ॲलानिन बनतं. सायनाइड नको, उष्णता नको. आमच्या शेडवर ऊन भरपूर पडतं. या वाटेने जावं का? आणि हे खरंच शाश्वत आहे का?"

आधी थेट उत्तर देतो. फेनिलग्लायसिन आणि ॲलानिन ही दोन्ही अमिनो ॲसिड. फेनिलग्लायसिनसाठी आज नको, ॲलानिनसाठी तर अजिबात नको. पण मुलीचं म्हणणं उडवून लावू नका. किलोला काही हजार रुपये मिळतील अशा, निसर्गात न सापडणाऱ्या अमिनो ॲसिडमध्ये प्रकाशाच्या रसायनाला खरी जागा आहे, आणि ती जागा मोठ्या कंपनीपेक्षा तुमच्यासारख्यांना जास्त सोयीची आहे. आता कारणं. ती दिव्यांपेक्षा पाण्याशी जास्त निगडित आहेत.

तुमची प्रक्रिया जुन्या घराण्यातली. ॲडोल्फ स्ट्रेकर यांनी १८५० मध्ये ॲसिटाल्डिहाइड, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइडपासून ॲलानिन बनवलं. तुम्ही करता ती बुखरर-बर्ग्ज प्रक्रिया त्याच वाटेने जाते, फक्त मध्ये हायडँटॉइन नावाचा वलयाचा पदार्थ येतो, तो फोडला की अमिनो ॲसिड मिळतं. कोंबड्यांच्या खाद्यात जाणारं डीएल-मेथिओनिन आजही मुख्यतः ॲक्रोलीन, मिथाइल मरकॅप्टन आणि हायड्रोजन सायनाइड वापरूनच बनतं. ग्लुटामेट आणि लायसिन यांचा लाखो टनांचा बाजार मात्र फर्मेंटेशनने कधीच खाल्ला. १९५० च्या दशकात जपानात किनोशिता यांच्या गटाला ग्लुटामेट बाहेर टाकणारा जिवाणू सापडला, तेव्हापासून त्या मालात रासायनिक पद्धतीला कोणी विचारत नाही.

सायनाइडची भीती योग्यच आहे, पण त्यातलं बरंचसं तुमच्या रेणूतच जाऊन बसतं आणि उरलेलं हायपोक्लोराइटने मारता येतं. तुमच्या ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला, खरा जाच मिठाचा असणार. हायडँटॉइन कॉस्टिकमध्ये उकळून फोडायचं, मग सल्फ्युरिकने पीएच खाली आणून माल पाडायचा. किलोभर फेनिलग्लायसिनमागे किलोभराहून जास्त सोडियम सल्फेट मदर लिकरमध्ये, म्हणजे माल गाळून उरलेल्या पाण्यात, जातं. शाश्वततेचा प्रश्न विचारायचाच तर तिथून सुरू करायला हवा. त्याकडे शेवटी येतो.

मुलीने वाचलेलं काम बहुधा सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या निंग यान यांच्या गटाचं, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेलं. कॅडमियम सल्फाइडचे अतिशय पातळ पत्रे अमोनियाच्या पाण्यात विखरून ठेवायचे, त्यात लॅक्टिक ॲसिड घालायचं आणि वर दृश्य प्रकाश सोडायचा. कॅडमियम सल्फाइडला साधारण ५२० नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे निळा-हिरवा प्रकाश पकडता येतो. फोटॉन (प्रकाशाचा कण) पडला की एक इलेक्ट्रॉन उडतो आणि मागे रिकामी जागा राहते. ती रिकामी जागा लॅक्टिक ॲसिडमधला हायड्रोजन ओढून त्याचं पायरुव्हिक करते. पायरुव्हिक अमोनियाशी जुळून इमाइन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचा रेणू) होतं आणि ते इमाइन पुन्हा हायड्रोजन घेऊन ॲलानिन बनतं. हिशोब जुळवला तर बाहेर पडतं फक्त पाणी. हायड्रोजन एका टोकाने उसना घेतला, दुसऱ्या टोकाने परत केला. त्याच गटाने त्याआधी हीच अदलाबदल रुथेनियम कॅटॅलिस्टवर दोनशे अंशांच्या वर, दाबाखाली करून दाखवली होती, त्यामुळे प्रकाशाने काय वाचलं ते स्पष्ट दिसतं: उष्णता आणि दाब. रसायन म्हणून मला हे काम मनापासून आवडतं.

आता तुमच्या छतावर जाऊ. मुंबई परिसरात वर्षभराची सरासरी धरली तर चौरस मीटरला दिवसाला साधारण ५ युनिट (किलोवॅट-तास) ऊन पडतं. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा ५२० नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे १ युनिट. तेवढ्यात साडेतेरा मोल फोटॉन असतात. शंभर फोटॉन शोषले तर ॲलानिनचे पाच रेणू बनतात असं धरू. हा आकडा मी उदार हाताने धरतोय. तर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ६० ग्रॅम ॲलानिन. पाचशे चौरस मीटरच्या शेडवर ३० किलो. टनभर रोज हवं असेल तर चार एकर. जून ते सप्टेंबरचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

तीस किलो ऐकून मोह होईल. पण ते तीस किलो कशात विरघळलेले असतील? अशा प्रयोगांत द्रावण पातळ ठेवावं लागतं. लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे दशांश मोलर, धरलं तर तुमच्या छतावर तीन हजार लिटरहून जास्त अमोनियाचं पाणी भाईंदरच्या मिठागरासारखं उथळ पसरून, वरून काच लावून, दिवसभर तापत ठेवायचं आहे. शेजारच्या युनिटवाल्याला पहिल्याच दुपारी वास येईल.

छत सोडून एलईडीवर गेलात तर? ४५० नॅनोमीटरचा एक मोल फोटॉन म्हणजे २६६ किलोज्यूल. किलोभर ॲलानिनमध्ये ११.२ मोल असतात. तेच पाच टक्के धरले तर २२४ मोल फोटॉन, म्हणजे साडेसोळा युनिट प्रकाश. एलईडीत निम्मी वीज उष्णतेत जाते असं धरलं तर मीटरवर ३३ युनिट पडतात. औद्योगिक दराने हे तीनशे रुपयांच्या घरात जातं, आणि आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर किलोभर मालामागे २३ किलो. पशुखाद्याच्या दर्जाचं लायसिन किलोला दोनशे रुपयांच्या आत मिळतं हे लक्षात घ्या. कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या निळ्या दिव्याला हिरवी प्रक्रिया म्हणणं मला जमत नाही.

आणि हा प्रकाशाचा भाग अजून सोपा आहे. लिटरला ९ ग्रॅमचं द्रावण म्हणजे किलोमागे ११० लिटर पाणी. ॲलानिन पाण्यात भरपूर विरघळतं, २५ अंशांना लिटरमागे १६० ग्रॅमहून जास्त. म्हणजे ते स्वतःहून खाली पडणार नाही, पाणी उडवावंच लागेल. लिटरभर पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट उष्णता लागते. ११० लिटरला ७० युनिट. एकच वाफ पुन्हा पुन्हा वापरणारा मल्टिइफेक्ट इव्हॅपोरेटर लावलात तर हे बरंच खाली येईल, पण तो तुमच्याकडे नाही आणि त्याचा भांडवली खर्च या मालातून निघणार नाही. दिव्याला ३३ आणि पाण्याला ७०. फर्मेंटेशनवाले ग्लुटामेट लिटरला शंभर ग्रॅमच्या वर काढतात, तिथे त्यांनी सामना आधीच जिंकलेला असतो. शोधनिबंधात रूपांतर किती टक्के झालं हे ठळक छापलेलं असतं. मी आधी द्रावणाची तीव्रता शोधतो.

आणखी एक टोचणारी गोष्ट. लॅक्टिक ॲसिड येतं कुठून? साखरेच्या फर्मेंटेशनमधून. म्हणजे आधी साखर आंबवायची, लॅक्टिक शुद्ध करायचं, मग त्यावर प्रकाश टाकून ॲलानिन करायचं. चीनमध्ये मात्र ग्लुकोजपासून थेट एल-ॲलानिन, तेही टाकीत हवा न सोडता, कारखान्याच्या प्रमाणावर बनतं. एक टाकी, आणि माल डावा. (बहुतेक अमिनो ॲसिडची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात: डावं म्हणजे एल, उजवं म्हणजे डी, आणि दोन्हींचं मिश्रण म्हणजे डीएल.) प्रकाशाच्या पद्धतीत लॅक्टिक ॲसिडचं पायरुव्हिक होतं त्या क्षणी उजवं-डावं पुसलं जातं, म्हणून हाती येतं डीएल. मेथिओनिनला हे चालतं, कारण कोंबडीचं शरीर डी रूपाचंही एल करून घेतं. ग्लायसिनला उजवं-डावं नसतंच. पण खाण्याच्या आणि औषधाच्या बहुतेक मालाला एल लागतं, आणि रेझोल्युशन (डावं-उजवं वेगळं) करायचं म्हणजे अर्धा माल पुन्हा फिरवायचा. अमोनियाचंही तेच. तुम्ही घ्याल तो अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनलेला असतो आणि त्याच्या प्रत्येक टनामागे दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. प्रकाश वापरल्याने तो पुसला जात नाही.

उजव्या-डाव्यावर एक देखणा तोडगा आहे: प्रकाश आणि एन्झाइम यांची जोडी. प्रकाशाने एनएडीएच (एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) परत तयार करायचा आणि ग्लुटामेट डिहायड्रोजिनेजने अल्फा-कीटोग्लुटारेट आणि अमोनियापासून फक्त एल-ग्लुटामेट काढायचं. या विषयावरचे शोधनिबंध वाचताना मुलीला एक गोष्ट तपासायला सांगा: इलेक्ट्रॉन कोण देतंय? बहुतेक ठिकाणी ट्रायइथेनॉलअमाइन. ग्लुटामेटच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, ते देताना ट्रायइथेनॉलअमाइनचा एक रेणू संपतो. त्याचा रेणुभार १४९, ग्लुटामिक ॲसिडचा १४७. म्हणजे किलोभर ग्लुटामिक काढायला किलोभर ट्रायइथेनॉलअमाइन जाळायचं, जे इथिलीन ऑक्साइडपासून म्हणजे पेट्रोलियमपासून आलेलं आहे. निबंधाच्या शीर्षकात सस्टेनेबल शब्द असतो आणि हा हिशोब पुरवणीतल्या एका ओळीत लपलेला असतो.

कॅडमियमबद्दल फार बोलत नाही. प्रकाशात सल्फाइडचं ऑक्सिडेशन होऊन कॅडमियम हळूहळू पाण्यात उतरतं, आणि औषधात तोंडावाटे त्याची मर्यादा दिवसाला ५ मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या ग्राहकाच्या क्यूएने (गुणवत्ता विभागाने) हा शब्द वाचला की चर्चा तिथेच संपेल. कार्बन नायट्राइड हा जास्त सोयीचा पदार्थ आहे. युरिया किंवा मेलामाइन साडेपाचशे अंशांच्या आसपास भाजलं की पिवळी पूड मिळते, धातू नाही, आणि साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषते. टायटॅनियम डायऑक्साइड स्वस्त आणि निरुपद्रवी, पण त्याला अतिनील लागतो, आणि उन्हात तो जेमतेम चार-पाच टक्के असतो.

आता मुलगी प्रयोग करणारच असेल तर तिला एक नक्की सांगा, कारण यात दरवर्षी कोणीतरी फसतं. ॲलानिन झालं की नाही हे बघायला टीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या लेप दिलेल्या पट्टीवर, निनहायड्रिन हे रंग देणारं रसायन मारतात, जांभळा ठिपका येतो आणि सगळे खूश होतात. पण अमोनियाही निनहायड्रिनशी तोच जांभळा रंग देतो. अमोनियाने भरलेल्या मिश्रणात तो ठिपका काहीच सिद्ध करत नाही. आधी क्षारयुक्त करून, व्हॅक्यूमखाली सगळा अमोनिया उडवायचा, मग डेरिव्हेटायझेशन करून (यंत्राला दिसेल असा गट जोडून) एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजायचं, प्रमाणित ॲलानिनबरोबर. त्यासोबत तीन कोरे प्रयोग: अंधारात, कॅटॅलिस्टशिवाय, आणि दिव्याऐवजी तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात. तिसरा बहुतेक जण टाळतात. निळी एलईडी पट्टी बाटलीला गुंडाळली की आतलं द्रावण पन्नास अंशांवर सहज जातं, आणि मग श्रेय प्रकाशाचं की उष्णतेचं हे कोणालाच सांगता येत नाही.

मग प्रकाशाची जागा कुठे आहे? जिथे माल महाग, प्रमाण कमी आणि दुसरा रस्ता लांबचा आहे तिथे. आजच्या पेप्टाइड औषधांना साखळीत वेगळ्या प्रकारची अमिनो ॲसिड लागतात. सेमाग्लुटाइडच्या साखळीत आठव्या जागी अमिनोआयसोब्युटिरिक ॲसिड आहे, जे ॲसिटोनपासून स्ट्रेकरच्याच वाटेने सहज निघतं. तिथे प्रकाशाची गरज नाही. पण बाजूच्या साखळीत पिरिडिन, फ्लोरिन असलेलं वलय, अवघड अल्किल गट हवे असतील तर जुन्या पद्धतीत पाच-सहा पायऱ्या लागतात. डिहायड्रोॲलानिन घेऊन त्यावर प्रकाशाने तयार केलेलं रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला चंचल तुकडा) जोडलं की ते काम एका पायरीत होतं. २०१७ मध्ये टिमथी जेमिसन यांच्या गटाने अमाइनवर थेट कार्बन डायऑक्साइड जोडून अमिनो ॲसिड केलं, पॅरा-टर्फेनिल आणि अतिनील प्रकाश वापरून, सतत वाहत्या नळीत. तुमच्या मालाच्या जवळचं वाटेल, पण साध्या बेन्झिलअमाइनला ते तसंच्या तसं लावता येत नाही. कार्बन डायऑक्साइड आधी अमाइनशीच कार्बामेट करून बसतो. आणि २०२३ मध्ये सांता बार्बराचे यांग यांग आणि पिट्सबर्गचे पेंग लिऊ यांनी पिरिडॉक्सल (व्हिटॅमिन बी६ च्या घराण्यातल्या रेणूवर चालणारं) एन्झाइम आणि फोटोरेडॉक्स (प्रकाशाने इलेक्ट्रॉनची देवघेव करणारा) कॅटॅलिस्ट एकत्र वापरून अशी अमिनो ॲसिड हव्या त्याच बाजूची काढून दाखवली. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत पैसा या शेवटच्या दिशेला आहे. किलोला वीस-तीस हजार रुपये मिळणाऱ्या मालात ३३ युनिटचे तीनशे रुपये कोणी मोजत नाही.

पण ते तुमच्या जीएलआरमध्ये, म्हणजे आतून काच लावलेल्या रिॲक्टरमध्ये, होणार नाही. रुथेनियमचा नेहमीचा कॅटॅलिस्ट मिलिमोलर तीव्रतेला घेतला तर नव्वद टक्के निळा प्रकाश पहिल्या पाऊण मिलिमीटरमध्येच संपतो. हजार लिटरच्या भांड्यात दिवा सोडलात तर काचेला चिकटलेला एक पातळ थर काम करेल आणि बाकी सगळं अंधारात ढवळत राहील. म्हणून या कामाला दोन-तीन मिलिमीटर व्यासाची एफईपी या पारदर्शक प्लास्टिकची नळी, तिच्याभोवती दिवे, मागे पंखा किंवा पाणी, आणि एक मीटरिंग पंप लागतो. हे सगळं तुमच्या ऑफिसच्या खोलीत मावतं. पूड कॅटॅलिस्ट वापरू नका, नळी आतून माखते आणि दुसऱ्या दिवसापासून प्रकाश आत जात नाही. विरघळणारा सेंद्रिय रंग घ्या. इरिडियमचा कॅटॅलिस्ट देखणा असतो, पण त्याचा भाव बघून झोप उडते.

एलईडी आणि ड्रायव्हर लॅमिंग्टन रोडवर मिळतील, काचसामान प्रिन्सेस स्ट्रीटला. दिवा किती वॉटचा हे खोक्यावर लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका. फेरिऑक्झलेट ॲक्टिनोमेट्री ही १९५० च्या दशकातली पद्धत मुलीला एका दुपारी करता येईल आणि नळीच्या आत खरंच किती फोटॉन पोचतात ते कळेल. हा आकडा हाती नसताना कोणी स्केल-अपचा प्रस्ताव घेऊन आलं तर चहा पाजून परत पाठवा. पावसाळ्यात दमट हवेने ड्रायव्हर जातात, ते नळीपासून लांब, बंद डब्यात ठेवा. आणि पहिलं लक्ष्य असं अमिनो ॲसिड निवडा जे समविद्युत पीएचला (रेणूवरचा एकूण भार शून्य होतो त्या पीएचला) स्वतःहून खाली पडतं. तुमच्या फेनिलग्लायसिनचा मोठा गुण तोच आहे, सेंट्रीफ्यूजवर चढतं आणि पाणी उडवावं लागत नाही.

राहिला तुमचा आजचा माल. तिथे दिव्याआधी करण्यासारखं बरंच आहे. हायडँटॉइन फुटताना अमोनिया निघतो आणि ॲसिड घालताना कार्बन डायऑक्साइड. दोन्ही स्क्रबरमध्ये पकडलेत तर पुढच्या बॅचचं अमोनियम बायकार्बोनेट काही प्रमाणात घरचंच होईल. त्याहून पुढची पायरी मेथिओनिनवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर केलेली आहे: कॉस्टिकऐवजी पोटॅशियम कार्बोनेटमध्ये हायडँटॉइन फोडायचं आणि सल्फ्युरिकऐवजी दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडून माल पाडायचा. पोटॅशियम बायकार्बोनेट होऊन परत फिरतं आणि सल्फेट निघतच नाही. तुमच्या फेनिलग्लायसिनला हे कितपत बसेल हे पाच लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये बघता येईल. मदर लिकर पाच-सहा वेळा फिरवून प्रत्येक वेळी रंग आणि अशुद्धी मोजा, कारण बेन्झाल्डिहाइडपासून येणारी पिवळी घाण फेऱ्यांगणिक साठते आणि हा प्रयोग अडला तर तिथेच अडेल. मुलीच्या प्रोजेक्टसाठीही मी हाच विषय आधी सुचवेन, आणि नळी-दिव्याचा दुसरा.